गार इंजिनाचा आवाज

आमच्या गाडीचा एक आवाज फक्त पहाटे ऐकू यायचा. सेल्फ मारला की इंजिन दोन-चार आचके देऊन सुरू व्हायचं आणि त्या धडधडीच्या आत एक बारीक आवाज लागायचा. टिक्, टिक्, टिक्. नखानं पत्रा वाजवावा तसा. दहा-पंधरा मिनिटांत इंजिन तापलं की तो आपोआप नाहीसा व्हायचा. मग आबा म्हणायचे, "गेला का न्हाई? म्हातारं माणूस सकाळी खोकतंच की."

गाडी म्हणजे ट्रक. ज्यांच्या घरी ट्रक असतो ते त्याला ट्रक म्हणत नाहीत. टाटाची १२१०, १९८२ चं मॉडेल. आबांनी ती १९८७ साली जुनीच घेतली, आईच्या पाटल्या मोडून. आटपाडीत पाऊस भरवशाचा होता अशी आठवण कुणाच्या आज्यालाही नसेल. आमची बाजरी-ज्वारी घरच्या पोटाला पुरली तरी खूप म्हणायचं. आम्हाला जगवलं ते गाडीनं. शनिवारच्या बाजारातली मेंढरं, खरसुंडीच्या पौषी यात्रेतली खिलार खोंडं, पुढं डाळिंबाच्या पेट्या, असं काय काय तिनं वाहिलं. माझं डी.एड. तिच्यावर झालं, बहिणीचं लग्न तिच्यावर झालं. दसऱ्याला पूजा झाली की आबा बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ उभे राहायचे. काय बोलायचे ते आम्हाला ऐकू यायचं नाही.

२००३ साल उजाडेपर्यंत आबांची नजर कमी झाली होती. गाडीवर ड्रायव्हर ठेवला, क्लीनर ठेवला, आणि हिशेबाची वही माझ्याकडं आली. मी शाळामास्तर. शाळा सुटली की गाडीचं बघायचो. वही आली तसा तो पहाटेचा आवाजही माझ्या वाट्याला आला.

दिवाळीच्या आधी मी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं रात्रभर उभी असलेली गार गाडी सुरू करायला लावली, रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक इंजिनाच्या कडेकडेनं फिरवलं. डॉक्टर छाती तपासतो तसं. एका जागी थांबला. तिथं काजळीचा काळा फराटा उमटला होता.

"मॅनिफोल्ड गेलाय."

वाचकांपैकी ज्यांनी इंजिन उघडं बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सहा सिलिंडरचं इंजिन. प्रत्येक सिलिंडरात डिझेल जळतं आणि त्याचा धूर बाहेर पडतो. तो सहा ठिकाणचा धूर गोळा करून सायलेन्सरच्या नळीत सोडणारा जाड बिडाचा भाग म्हणजे मॅनिफोल्ड. सहा सडांची आडवी कास असावी तसा दिसतो, फक्त इथं सडांतून आत येतं आणि एका तोंडातून बाहेर जातं. भरलेली गाडी घाट चढायला लागली की तो चारपाचशे अंशांपर्यंत तापतो, उभी राहिली की गार होतो. तापला की फुगतो, निवला की आखडतो. वीस वर्षं असं फुगून आखडून आमच्या मॅनिफोल्डला केसाएवढी भेग गेली होती.

"मग गरम झाल्यावर आवाज का जातो?" मी विचारलं.

"बीड फुगतं, भेग मिटते. मिटते म्हंजे सांधत न्हाई, मास्तर. निवलं की पुन्हा उघडती."

वाटा चार होत्या. पहिली, आहे तसं चालू द्यायचं. दुसरी, वेल्डिंग. पण बिडाचं वेल्डिंग साध्या लोखंडासारखं नसतं. आख्खा तुकडा आधी तापवून घ्यावा लागतो, मग सावकाश निववावा लागतो, आणि इतकं करूनही वेल्डिंगच्या शेजारी नवी भेग जाते. तिसरी वाट पाइपाची. वाकवलेल्या पोलादी नळ्या जोडून मॅनिफोल्ड बनवून देणारे कारागीर होते. वजनाला हलका आणि धुराला वाट मोकळी. पण मिस्त्रीचं म्हणणं असं की मोकळ्या वाटेचा फायदा जोरात पळणाऱ्या मोटारीला. आपली गाडी बारा महिने भरलेली, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात रांगणारी. तिला बिडाचंच जाड अंग बरं. पाइपाचे जोड दणक्यानं उलतात आणि कानठळ्या बसतात त्या वेगळ्याच. चौथी वाट कंपनीचाच मॅनिफोल्ड बघायची. नवा मिळाला तर नवा, नाही तर मोडीत निघालेल्या गाडीचा धडका बघून आणायचा, लेथवर तोंडं सारखी करून घ्यायची, नवं पॅकिंग घालून बसवायचा.

मी वहीत लिहिलं : मिस्त्री, तपासणी, ५० रु. आणि तारीख.

त्या रात्री ओसरीवर बैठक बसली. आबा, ड्रायव्हर आणि मी. आबांचं मत पहिल्यापासून पक्कं होतं. "चालतंय त्येला हात लावू नये. वीस वर्षांचं स्टड हायती, गंजून धरल्यात. एक जरी हेडात तुटला तर मॅनिफोल्ड ऱ्हायला बाजूला, हेड उतरावं लागंल. आन कंपनीचं बीड हाय ते. आता असलं बीड कोण वततंय?" ड्रायव्हर म्हणाला, "आबा, मला तर चालवताना काय जाणवत न्हाई." मी आकडे मांडले. चार दिवस गाडी उभी म्हणजे चार खेपा बुडाल्या. वर सामान, लेथ, मजुरी. आणि ते साल दुष्काळाचं. टेंभूचं पाणी तेव्हा आटपाडीत आलेलं नव्हतं. तालुक्यात जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या आणि आमची गाडी कृष्णाकाठावरून पलूस-वाळव्याकडचा ऊस, वाढं भरून विटा, खानापूर, भिवघाट करत छावणीवर आणत होती. गाडी उभी केली तर भाडं दुसऱ्याकडं जाणार. शिवाय चारा थांबणार. मी म्हणालो, "हंगाम उरकू द्या. मार्चात करू."

आजही ती बैठक आठवली की एक गोष्ट मला छळते. आमच्यापैकी खोटं कुणीच बोललं नव्हतं. स्टड खरंच गंजले होते. ड्रायव्हर खिडकीशी बसायचा, काच खाली, त्याला खरंच जाणवत नव्हतं. माझे आकडेही बरोबर होते. तिघांचं खरं एकत्र करून निर्णय मात्र चुकीचा झाला.

चौथा माणूस ओसरीखाली पायरीवर बसला होता. आमचा क्लीनर. आम्ही त्याला बारक्या म्हणायचो, कारण क्लीनरला सगळे बारक्याच म्हणतात. नुकतं अठरावं लागलेलं पोरगं, शेजारच्या गावचं, बाप नसलेलं. या गाडीत इंजिन अर्धं केबिनीत येतं आणि त्यावरच्या झाकणाची रबरी पट्टी कधीच झिजून गेली होती. त्या झाकणाला लागून बारक्याची जागा. रात्री मागच्या फळीवर झोपायचा तोही तोच. दोनतीनदा म्हणाला होता, "मास्तर, डोकं लई दुखतंय. मळमळतंय." आम्ही म्हणालो, "गाडी लागती तुला. सवय हुईल." त्याला चहाचे कप न्यायला बोलावलं, पण मत विचारायला बोलावलं नाही. विचारावं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आबांवर अन्याय नको म्हणून एक सांगतो. जुन्या वस्तूला धरून राहणं हा त्यांचा हट्ट नव्हता, ती त्यांची शिकवण होती. ७२ च्या दुष्काळात खडी फोडलेला माणूस तो. फाटलं तर शिवायचं, मोडलं तर सांधायचं. आमची बैलगाडी आज्ज्याची म्हणून सांगायचे. तिची धाव तीनदा बदलली होती, साटी दोनदा, जू कितीदा ते कुणी मोजलं नव्हतं. तरी ती आज्ज्याचीच. म्हणजे आबांनाही ठाऊक होतं की भाग बदलला म्हणून वस्तू परकी होत नाही. मग मॅनिफोल्डच का नको? मला वाटतं, जू मोडलं की डोळ्यांना दिसतं आणि बैल थांबतो. इथं गाडी थांबत नव्हती. जे थांबत नाही ते मोडलेलं असू शकतं, हे मानणं माणसाला जड जातं.

पलूसच्या शेजारी किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली औंध संस्थानाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथं कारखाना उभा केला. आमची आटपाडीही त्याच संस्थानातली. लोखंडी नांगर पहिल्यांदा निघाला तेव्हा शेतकरी तो घेईनात, लोखंडानं जमीन नासते म्हणून. आज आपण त्या शेतकऱ्यांना हसतो. पण त्यांचा प्रश्न चुकीचा होता असं मला वाटत नाही. नव्या वस्तूनं कुणाचं नुकसान होणार, हे विचारलंच पाहिजे. त्यांनी जमिनीचा विचार केला. आम्ही ओसरीवर बसून गाडीचा विचार केला, पैशाचा केला, चाऱ्याचा केला. जुन्या वस्तूनं कुणाचं नुकसान होतंय, एवढं विचारायचं राहिलं.

नोव्हेंबरात गाडीचं पासिंग आलं. जाताना आबांनी ड्रायव्हरला सांगितलं, "गरम करूनच ने." सगळेच गरम करून नेतात. तापलेल्या इंजिनाचा आवाज साफ, तपासणाऱ्याला भेग कळायचं कारणच नाही. कागद झाला. संध्याकाळी परतताना मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. स्वतंत्रपूर लागलं. बाहेरच्या वाचकांना हे नाव ठाऊक नसेल. १९३९ साली औंध संस्थानानं इथं कैद्यांची खुली वसाहत काढली. भिंत नाही, बेड्या नाहीत, माणसानं आपल्याच शब्दाला बांधून राहायचं. शांतारामबापूंचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' याच वसाहतीवरून सुचलेला. शाळेत मी मुलांना हे अभिमानानं सांगायचो. त्या दिवशी खिशात पासिंगचा कागद होता आणि स्वतंत्रपुरावरून जाताना मी पलीकडच्या खिडकीतून बघत बसलो.

डिसेंबरच्या शेवटी ते घडलं. पलूसकडं तोड उशिरा झाली, वजनकाट्यापुढं रात्री गाड्यांची रांग लागली. थंडी मरणाची. बॅटरी अशक्त होती, बंद केली तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही, म्हणून ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवलं आणि तो शेकोटीकडं गेला. बारक्या काचा वर करून फळीवर झोपला. नुसतं धुगधुगतं इंजिन म्हणावं तसं तापत नाही. भेग मिटत नाही. हे मला मिस्त्रीनं नंतर समजावून सांगितलं. रांग पुढं सरकली तेव्हा ड्रायव्हरनं दार उघडलं, हाक मारली. पोरगं हलेना. त्याला ओढून खाली घेतलं, तेव्हा ते ओकलं आणि पुन्हा डोळे मिटले.

मला निरोप मिळाला सकाळी. दवाखान्यात पोहोचलो तोवर त्याला ऑक्सिजन लावला होता आणि तो शुद्धीवर आला होता. डॉक्टरांनी सांगितलं, डिझेलच्या धुरात विषारी वायू पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण बंद केबिनीत तासन् तास साठला तर तेवढा पुरतो. त्याला ना वास, ना रंग. माणसाला नुसती झोप येते. मग त्यांनी मला विचारलं, "गाडीत धूर येतो हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

मी म्हणालो, "आत्ताच कळलं."

वहीत तारीख होती. माझ्याच अक्षरात. दिवाळीच्या आधीची.

बारक्या खाटेवरून माझ्याकडं बघत होता. बोलला काहीच नाही.

काम चार दिवसांत झालं. ज्याला आम्ही अडीच महिने घाबरलो ते काम. मिस्त्रीनं स्टडांना आदल्या रात्री रॉकेल पाजलं, सकाळी गॅसच्या बत्तीनं शेकलं, आणि नट सोडायच्या आधी थोडा आवळून मग सैल केला. बारापैकी दोन तुटले. हेड उतरवावं लागलं नाही, जागेवरच ड्रिल मारून काढले. पाइपाचा नको, बिडाचाच हवा हे आबांचं म्हणणं मिस्त्रीलाही पटलं होतं. कोल्हापुरातून मोडीच्या गाडीचा धडका मॅनिफोल्ड आणला, लेथवर तोंडं मारून घेतली, नवं पॅकिंग घातलं, नट मधून दोन्ही टोकांकडं आवळत नेले. पहिल्या खेपेनंतर पुन्हा एकदा आवळले. झाकणाची रबरी पट्टीही बदलली. तिचे किती झाले ते वहीत बघितलं तर हसावं की रडावं कळत नाही. चहाच्या उधारीपेक्षा ती रक्कम कमी आहे. ती पट्टी तरी दिवाळीतच बदलायला काय हरकत होती? स्टडाची भीती तिला नव्हती, खेप बुडत नव्हती, कंपनीचं बीडही हलत नव्हतं. पण आम्ही प्रश्न एवढा मोठा करून ठेवला होता की त्याच्या पोटातली छोटी सोय कुणाला दिसलीच नाही.

आबा त्या दिवसांत फार बोलले नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "मी तीस वर्षं धूर खाल्ला. मला वाटलं सगळेच खातात."

हे वाक्य मी पुष्कळदा उलटून बघितलं आहे. आबांच्या काटकसरीचा पाया त्यांनी स्वतः सोसलेलं होतं. स्वतःच्या पोटाला चिमटा काढला, त्याला आपण गुण म्हणतो आणि तो गुणच आहे. घोळ होतो तो माणूस मालक झाल्यावर. चिमटा तोच असतो, पण तो आता दुसऱ्याच्या पोटाला बसतो, आणि काढणाऱ्याला वाटतं आपण अजून काटकसरच करतोय. मॅनिफोल्ड बदलावा की न बदलावा हा प्रश्न मिस्त्रीचा आणि पैशाचा आहे, त्याचं उत्तर दोन्हीकडं जाऊ शकतं. मात्र ते उत्तर कुणी द्यायचं, यात मला आता शंका राहिलेली नाही. ज्याचं नाक त्या धुरात आहे त्याला आधी विचारायचं. त्याला कळत नसेल तर समजावून सांगून विचारायचं. त्यानं 'चालतंय' म्हटलं तरी लगेच विश्वास ठेवायचा नाही, कारण नोकरी जाईल म्हणूनही माणूस 'चालतंय' म्हणतो.

शहरातले माझे मित्र हे ऐकून म्हणतात, असल्या जुन्या गाड्या मोडीतच काढायला हव्यात. त्यांचंही अगदी चूक नाही. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर कर्करोगाला नक्की कारण ठरणाऱ्या गोष्टींत धरला. पण गाडीच मोडीत काढली असती तर त्या साली आमचं घर बसलं असतं, आणि बारक्याचंही. जुनेपणा हा गुन्हा नाही. आमची गाडी दुरुस्तीनंतर आणखी सहा वर्षं चालली, पहाटेही साफ आवाजात.

जानेवारीत मी बारक्याच्या घरी गेलो. दोन महिन्यांचा पगार आणि दवाखान्याचे उरलेले पैसे घेऊन. तो घरी नव्हता, डाळिंबाच्या बागेत छाटणीला जायला लागला होता. त्याची आई चुलीपुढं होती. म्हणाली, "बसा दादा." पाणी दिलं. पैसे मोजले नाहीत, तसेच फळीवर ठेवले. मी मनात जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही बाहेर येईना. मग तिनंच विचारलं, "गाडी नीट केली का?"

"केली, मावशी."

"बरं केलं," ती म्हणाली. "आता दुसऱ्या कुणाचं तरी पोरगं बसत असंल तिथं."

एवढंच. दोष दिला नाही, की माफही केलं नाही. मी तिला वहीतल्या तारखेबद्दल सांगायला गेलो होतो, आणि ते न सांगताच परत आलो. आज ती नाही. बारक्याचं चांगलं चाललंय, त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. बाजारात भेटला की रामराम घालतो. त्यालाही मी ते कधी सांगितलेलं नाही. हे छापून आलं की त्याच्या हातात नेऊन देणार आहे.

तो जुना मॅनिफोल्ड आबांनी भंगारात घालू दिला नाही. आमच्या गोठ्याच्या दाराला अडणी म्हणून पडलेला आहे. उन्हाळ्यात तापतो, थंडीत निवतो. भेग शोधावी लागते, बोट फिरवलं की लागते.